लुपसचं पॅकेज, निळ्या टोपीची नळी आणि घोणस

पाचपैकी अडीच स्टार, आणि त्यातला एक अख्खा स्टार रक्त न्यायला आलेल्या त्या मुलाच्या हाताला आहे, लॅबला नाही. लॅबचं नाव लिहीत नाही कारण मला भांडायचं नाहीये, आणि जे आमच्याकडे झालं ते घरी येऊन रक्त नेणाऱ्या कुठल्याही लॅबकडून होऊ शकतं. ज्यांच्या घरात लुपसचं (जंतूंशी लढणारी अँटिबॉडी नावाची प्रथिनं आपल्याच शरीरावर उलटतात तो आजार) माणूस आहे त्यांनी वाचा, बाकीच्यांनी सोडून दिलंत तरी चालेल, लांबलचक आहे.

माझी धाकटी बहीण 33 वर्षांची, लुपस होऊन सहा वर्षं झाली. डोंबिवलीत आमची घरं दोन गल्ल्या सोडून त्यामुळे तिची सगळी रक्ताची कामं माझ्याकडेच. गेल्या वर्षी गरोदरपणात चौथ्या महिन्यात तिचं बाळ गेलं. त्यानंतर संधिवाताच्या डॉक्टरांनी कागद भरून टेस्ट लिहून दिल्या, एएनए आणि डीएस-डीएनए (आपल्याच पेशींच्या केंद्रावर उलटलेल्या अँटिबॉडी शोधणाऱ्या), सी3 सी4 (रक्तातली प्रतिकाराची प्रथिनं), लघवीतलं प्रोटीन, आणि खाली दोन रेघा मारून तीन नावं: लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन, बीटा-2 ग्लायकोप्रोटीन. म्हणाले ह्या तीन महत्त्वाच्या, रक्तवाहिन्यांचा आणि रक्ताच्या गाठींचा प्रश्न ह्यातनं कळतो. मी अ‍ॅपवर शोधलं तर लुपसचं पॅकेज होतंच, वर प्रेग्नन्सीच्या आधीचं पॅकेज जोडलं तर सूट, एकूण सात हजार दोनशे. सुट्या सुट्या टेस्ट केल्या असत्या तर जास्त गेले असते म्हणून घेतलं. स्वस्त पडलं असं तेव्हा वाटलं.

सहा ते सातचा स्लॉट होता, मुलगा आला आठ दहाला, लोकल बंद होत्या म्हणे. ठीक आहे, ते कुणाच्या हातात नसतं. तिची शीर सापडणं म्हणजे दिव्य असतं, इतकी वर्षं स्टेरॉइड खाऊन कातडी कांद्याच्या सालीसारखी झालीय, जरा दाबलं की काळंनिळं. ह्या मुलाने पट्टा बांधला, दोन बोटांनी चाचपलं, डावा हात सोडून उजवा घेतला आणि एका टोच्यात लागली शीर. हॉस्पिटलात चार चार वेळा टोचून घेतलेली बाई ती, तिने चक्क त्याला चहा विचारला. तो एक स्टार इथला.

आता गोची. नळ्या सहा होत्या, आधी पिवळ्या टोपीच्या भरल्या, मग जांभळी, आणि निळी राहिली शेवटी. तोवर रक्त यायचं मंदावलं होतं. निळी जेमतेम अर्धी झाली असेल.

बहीण त्या मुलाला म्हणाली, "दादा, निळी अर्धीच राहिली."

"चालतं ताई, लॅबवाले अ‍ॅडजस्ट करतात."

नाही चालत. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर कळलं, आणि हा सगळा प्रपंच त्यासाठीच लिहितेय. निळ्या नळीत आधीपासून सायट्रेटचं पाणी असतं, ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून नळीत रक्त गोठत नाही. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हा हिशोब ठरलेला असतो आणि नळीवर त्याची बारीक रेष असते. रक्त कमी पडलं की सायट्रेट जास्त होतं, मग मशीनवर ते रक्त गोठायला उगाच वेळ लावतं आणि रिपोर्ट खोटाच बिघडलेला येऊ शकतो. म्हणून निळी आधी भरायची असते, शेवटी नाही. अजून एक, ते रक्त साधारण चार तासांच्या आत दोनदा गरगर फिरवून त्यातल्या प्लेटलेट काढून टाकायच्या असतात, कारण प्लेटलेट राहिल्या तर ज्या अँटिबॉडीला पकडायचं तिलाच त्या गिळून टाकतात आणि असलेला दोष दिसतच नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी बोंब. आमची नळी मुलाच्या पाठीवरच्या बॅगेत होती आणि त्याला अजून पाच घरं करायची होती, पलावापर्यंत. अ‍ॅपवर 'सॅम्पल लॅबमध्ये पोचलं' असं आलं दुपारी पावणेदोनला.

आणि ही टेस्ट आहे कसली ते ऐका. लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंट ह्या नावात दोन शब्द आहेत आणि दोन्ही फसवे. ही खरं तर एक अँटिबॉडी, लुपस नसलेल्यांनाही ती निघते, आणि अँटिकोअ‍ॅग्युलंट म्हणजे रक्त पातळ ठेवणारं, तर ही शरीरात नेमकं उलटं करते, रक्ताच्या गाठी करते. नळीत मात्र रक्त उशिरा गोठतं म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. ती पकडायच्या मुख्य रीतींपैकी एक घोणशीच्या विषावर चालते. खरंच, आपली घोणस, शेतातली. इंग्रजीत तिला रसेल वायपर म्हणतात, अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीत असलेल्या पॅट्रिक रसेल ह्या स्कॉटिश डॉक्टरवरून. तिचं विष रक्त गोठायच्या साखळीतला मधलाच एक दुवा, फॅक्टर टेन, थेट चालू करतं. लॅबमध्ये ते विष एकदम पातळ करून थोड्याशा फॉस्फोलिपिडबरोबर (रक्त गोठायला लागणारा चरबीसारखा पदार्थ) टाकतात आणि घड्याळ लावतात. अँटिबॉडी असेल तर ती त्या फॉस्फोलिपिडवर बसून राहते आणि गोठणं रखडतं. मग फॉस्फोलिपिड भरपूर ओततात, अँटिबॉडी पुरी पडत नाही, रक्त वेळेवर गोठतं, चोर सापडला. मी हे आईला सांगितलं. आईचं माहेर वाईकडचं, तिच्या काकांना भाताच्या खाचरात घोणस चावली होती, टोचलेल्या सुईच्या भोकातूनसुद्धा रक्त थांबत नव्हतं असं ती अजून सांगते. ती दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, "आणि ते विष आपल्या पोरीच्या रक्तात घालतात?" तिच्या अंगात नाही गं, नळीतल्या रक्तात, बाहेर. तरी तिने संध्याकाळी देवापुढे एक वात जास्त लावली.

रिपोर्ट तिसऱ्या दिवशी, चौदा पानं, रंगीत. दिसायला एक नंबर. लाल बाण, हिरवे गोल, शेवटी दोन पानं आहार सल्ला, पालेभाजी खा पाणी प्या. एएनएपुढे नुसतं 'पॉझिटिव्ह' आणि एक आकडा. अहो सहा वर्षांची पेशंट आहे, पॉझिटिव्ह असणारच, आम्हाला किती आणि कसा ते पाहिजे. डॉक्टरांनी चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं की सूक्ष्मदर्शकाखाली चमकवून बघायची रीत हवी, म्हणजे 1:80, 1:320 असं टायटर (रक्त किती पातळ केलं तरी अँटिबॉडी दिसते तो आकडा) मिळतं आणि पेशीच्या केंद्रात रंग कसा पसरलाय तेही कळतं. पॅकेजमध्ये मशीनवरची स्वस्त रीत होती, बारीक अक्षरात लिहिलेली, मीच वाचलं नाही, तो गाढवपणा माझा. पण नुसतं पॉझिटिव्ह छापून लाल बाण मारणं चूक आहे, 1:80 ला तर शंभरातली तेरा धडधाकट माणसंही पॉझिटिव्ह निघतात. एखादी निरोगी पोरगी हा कागद बघून रात्रभर झोपायची नाही.

उलट सी3 खाली गेलेलं, त्याला फिकट निळा बाण, वाटेल की काही विशेष नाही. लुपसमध्ये सी3 सी4 कमी येणं म्हणजे ते खर्च होतंय, कुठेतरी अँटिबॉडी जाऊन बसल्यात, बरेचदा किडनीच्या गाळणीतल्या बारीक वाहिन्यांत, आणि तिथे जाळपोळ चालू आहे. व्हिटॅमिन डी थोडं कमी त्याला मात्र ठसठशीत लाल आणि शेजारी गोळ्यांची जाहिरात.

आता मुख्य राडा. प्रेग्नन्सीच्या पॅकेजमध्ये व्हीडीआरएल होती. ती आली 'रिअ‍ॅक्टिव्ह'. व्हीडीआरएल म्हणजे गुप्तरोगाची, सिफिलिसची टेस्ट. पीडीएफ गेली बुकिंग केलेल्या दोन्ही नंबरांवर, एक माझा, एक मेहुण्यांचा, आणि मेहुण्यांचा फोन बहिणीच्या सासूबाईंच्या हातात होता, त्या नातवाला कार्टून दाखवत होत्या. पुढचं लिहीत नाही. तासाभराने बहिणीचा फोन, "ताई, तू ये." मी गेले तर घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं, कुकर तेवढा शिट्ट्या मारत होता. आणि कारण काय तर त्या टेस्टमध्ये जे रसायन वापरतात त्यात कार्डिओलिपिन नावाचा चरबीसारखा पदार्थ असतो, बैलाच्या हृदयातून काढलेला. लुपसवाल्यांच्या अँटिबॉडीज नेमक्या कार्डिओलिपिनला धरतात. त्यामुळे सिफिलिस नसताना टेस्ट रिअ‍ॅक्टिव्ह येते, हे डॉक्टर लोकांना कित्येक दशकं माहीत आहे, खोटी व्हीडीआरएल ही लुपसच्या जुन्या खुणांपैकी एक आहे. दुसरी टीपीएचए, म्हणजे थेट सिफिलिसच्या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी टेस्ट, केली की लगेच कळतं. तिची टीपीएचए निगेटिव्ह आली. त्याच रिपोर्टच्या पाचव्या पानावर अँटिकार्डिओलिपिन वाढलेलं छापलंय आणि अकराव्या पानावर व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह, खाली सही एकाच डॉक्टरांची, एक ओळ टाकता आली नसती का की खात्री करून घ्या? ह्यासाठी एक स्टार कापलाय, खरं तर दोन कापायला हवे होते.

शेवटच्या पानावर हृदयाच्या धोक्याचं हिरवं घड्याळ, काटा 'कमी'वर. वय 33, बाई, बीपी नॉर्मल, कोलेस्टेरॉल बरं, झालं काम. लुपस ह्या हिशोबात धरलेलाच नाही. 1997 मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या लोकांनी मोजून दाखवलं की 35 ते 44 वयाच्या लुपस असलेल्या बायकांना हार्ट अटॅक यायचं प्रमाण त्याच वयाच्या इतर बायकांच्या पन्नासपट आहे. इंग्लंडातल्या क्यूरिस्क नावाच्या हिशोबात 2017 पासून लुपसचा वेगळा रकाना आहे. लुपसचं पॅकेज म्हणून विकता आणि धोका मोजताना लुपस विसरता, वा.

मी कस्टमर केअरला फोन केला. मुलगी गोड होती, काही प्रश्न नाही. मी तोवर रात्री जागून वाचून शहाणी झालेले, तिला विचारलं की एंडोथेलियल सेल, म्हणजे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी, त्यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडीची टेस्ट तुमच्याकडे आहे का. ती म्हणाली, "मॅम, ते थायरॉइडमध्ये येतं का?" मग म्हणाली होल्डवर राहा, सात मिनिटं गाणं, मग फोन कट. निळी नळी अर्धी होती हे सांगितल्यावर मात्र त्यांनी फुकट रिपीट करून देतो म्हटलं, लगेच, वाद न घालता. ते अर्ध्या स्टारचं.

आम्ही रिपीट त्यांच्याकडे केलंच नाही. डॉक्टरांनीच सांगितलं की ही टेस्ट जिथे रक्त काढतात तिथेच फिरवतात अशा ठिकाणी करा. स्टेशनच्या पूर्वेला जुन्या बिल्डिंगीत पहिल्या मजल्यावर एक लॅब आहे, साठीच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम, लाकडी बाकडं, भिंतीवर कालनिर्णय, ऑनलाइन काही नाही, रिपोर्ट पाकिटात. तिथे गेल्यावर पहिला प्रश्न, "रक्त पातळ करायचं काही चालू आहे का? हेपरिन, वॉरफरिन?" अ‍ॅपने हे कुठेच विचारलं नव्हतं आणि ती औषधं चालू असली तर ही टेस्ट वाचताच येत नाही नीट. दुसरा प्रश्न, "ताप, इन्फेक्शन काही?" मग स्वतः समोर उभं राहून निळी पहिली भरून घेतली, रेषेपर्यंत, हलक्या हाताने उलटीपालटी केली, आणि आम्ही बाकड्यावर बसलेलो असतानाच आतून सेंट्रिफ्यूजची घरघर सुरू झाली. थांबली. परत सुरू झाली. बहिणीने माझ्याकडे बघून दोन बोटं दाखवली, दोनदा.

पेशंट कमी होते म्हणून मॅडमनी पाच मिनिटं दिली, झाली वीस. मी तोच एंडोथेलियल सेलवाला प्रश्न विचारला, त्या हसल्या. म्हणाल्या ती टेस्ट आम्हीही करत नाही आणि तुम्ही मागूही नका. बाळंतपणानंतर जी नाळ टाकून देतात तिच्या शिरेच्या आतलं अस्तर सोडवून काचेच्या भांड्यात वाढवतात, त्या पेशींवर पेशंटचं सीरम (गोठलेल्या रक्तातून सुटलेलं पाणी) टाकून अँटिबॉडी चिकटतात का बघतात. संशोधनात करतात, पण एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीला जुळत नाही, शिवाय त्यावरून औषध काही बदलत नाही. ज्या तीन लिहून दिल्यात त्या नीट करा, पुरे.

मग त्यांनी रिपोर्टच्या पाकिटावरच पेनने दोन रेघा काढल्या, ही वाहिनी. आतलं अस्तर म्हणजे एका पेशीचा एकच थर, सारवलेल्या अंगणासारखा, तो गुळगुळीत आहे तोवर रक्त नुसतं सरकत जातं, कुठे अडत नाही. आता रक्तात बीटा-2 ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन सगळ्यांच्याच अंगात फिरत असतं, बिचारं कुणाला त्रास देत नाही. ते जाऊन त्या अस्तरावर टेकतं. ह्या अँटिबॉडीज त्याला धरतात, दोन दोन जोडून घट्ट बसवतात, आणि पेशीला आत निरोप जातो की हल्ला झालाय. मग ती आपला स्वभाव बदलते. पृष्ठभागावर आकडे बाहेर काढते, पांढऱ्या पेशी त्यात अडकतात. वाहिनी सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी होतं. आणि रक्त गोठायला सुरुवात करून देणारा टिश्यू फॅक्टर, जो एरवी वाहिनीला जखम झाली तरच रक्ताच्या समोर यायचा, तो आपणहून वर आणते. जखम नसताना जखम झाल्यासारखी वागते. मी म्हटलं म्हणजे शेजाऱ्याने उगाच चोर चोर ओरडायचं. त्या म्हणाल्या हो, आणि सगळी सोसायटी काठ्या घेऊन खाली.

लुपसमध्ये त्याच्या भरीला न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी आपलाच डीएनए बाहेर फेकून जाळं टाकतात, कोळी पाग टाकतात तसं. जंतू धरायला असतं ते, पण तेच जाळं अस्तराला खरवडतं आणि त्यातल्या डीएनएवर अजून अँटिबॉडीज तयार होतात. चक्र आहे ते.

बहिणीने मग जो प्रश्न विचारला तो मी सहा वर्षांत डॉक्टरांसमोर कधी ऐकला नव्हता. "मग मला रोज का होत नाही काही?" मॅडम म्हणाल्या बरोबर विचारलंस. अँटिबॉडी वर्षानुवर्षं नुसत्या बसून राहतात, दुसरा धक्का लागतो. इन्फेक्शन, ऑपरेशन, सिगरेट, इस्ट्रोजेनवाल्या गोळ्या, गरोदरपण. आणि वारेत, म्हणजे प्लॅसेंटात, अ‍ॅनेक्झिन-5 नावाचं एक प्रथिन पांघरुणासारखं पसरलेलं असतं, रक्त गोठू नये म्हणून, ते ह्या अँटिबॉडीज फाडतात. हे ऐकताना ती माझा हात धरून बसली होती, इतका घट्ट की माझी बांगडी रुतली. चौथ्या महिन्यात गेलं तेव्हा घरातल्या प्रत्येकाने एकेक कारण सांगितलं होतं, जिना चढली, पपई खाल्ली, रात्री उशिरा लॅपटॉपवर बसली. कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं की तुझ्या हातात नव्हतं ते.

बहीण लुपससाठी रोज खाते ती एचसीक्यू, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, ते पांघरूण परत बसायला मदत करते असंही प्रयोगशाळेत दिसलंय म्हणाल्या, म्हणून चुकवायची नाही आणि डोळ्यांची तपासणीही चुकवायची नाही. (2020 च्या मार्चमध्ये ह्या गोळ्या कोविडला चालतात म्हणून दुकानांतून गायब झाल्या होत्या, मी कल्याण ते ठाणे फोन फिरवून तीन पट्ट्या मिळवल्या होत्या, तो राग अजून आहे.)

रिपोर्ट आला, पाकिटात, दोन पानी. लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंट: आहे. आणि खाली पेनने लिहिलेलं, बारा आठवड्यांनी पुन्हा करावी. कारण इन्फेक्शनने वगैरे ह्या अँटिबॉडी तात्पुरत्याही येतात, बारा आठवड्यांनी दुसऱ्यांदा आल्या तरच धरतात. हे बारा आठवडे चौदा रंगीत पानांत कुठेच नव्हते. आम्ही केली परत, परत आली. आता अ‍ॅस्पिरिन 75 चालू आहे आणि पुढे दिवस राहिले तर पोटात हेपरिनची इंजेक्शनं, ते डॉक्टरांनी आत्ताच सांगून ठेवलंय.

तर हिशोब असा. सीबीसी, लघवी, शुगर असल्या नेहमीच्या गोष्टींना मी अजून ह्याच घरपोच लॅबला बोलावते, तोच मुलगा मिळावा म्हणून स्लॉटही तसा घेते, हात खरंच हलका आहे त्याचा आणि आता निळी नळी असली की तो स्वतःच म्हणतो ताई ही आधी. लुपसचं पॅकेज म्हणून मात्र घेऊ नका. डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी घ्या, टेस्टची रीत कुठली ते फोनवर विचारा, आणि व्हीडीआरएल त्यात असेल तर रिपोर्ट कुणाच्या नंबरवर जाणार ते आधी बघा. पूर्वेच्या लॅबला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला कारण लिफ्ट नाही आणि गुडघे धरलेल्या लुपसवाल्या बाईला बावीस पायऱ्या चढायला लागतात, शिवाय गुरुवारी बंद.

पुढची तारीख जूनमध्ये आहे. आईचा आत्तापासून फोन चालू झालाय, "घोणसवाली कधी आहे?"